पहिली इलेक्ट्रिक गिटार: दुकानात जाताना खिशात पट्टी ठेवा

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला जाल तेव्हा दोन गोष्टी सोबत न्या. एक, सहा इंची स्टीलची पट्टी, जिचं शून्य अगदी कडेपासून सुरू होतं. कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी चालत नाही, कारण तिच्यात शून्याच्या आधी थोडी मोकळी जागा सोडलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे एक साधं व्हिजिटिंग कार्ड. गिटारवर बोटं टिकतील की नाही हे रंगावरून, नावावरून आणि किमतीवरून कळत नाही. ते या दोन वस्तूंनी पाच मिनिटांत कळतं.

आमच्या सोसायटीतली नववीतली एक मुलगी दिवाळीत मिळालेली गिटार घेऊन माझ्याकडे आली होती. तीन महिने क्लास झाला होता. डाव्या हाताच्या बोटांवर तारांचे लाल वळ उठले होते. म्हणाली, “काका, माझी बोटं लहान आहेत का हो? पहिल्या फ्रेटवर कितीही दाबलं तरी सूर नीट लागत नाही.” फ्रेट म्हणजे गिटारच्या लांब मानेवर, नेकवर, आडव्या बसवलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या. मी बाराव्या फ्रेटवर, सगळ्यात जाड तारेखाली पट्टी उभी धरली. तार तीन मिलिमीटरच्याही वर होती. मग नट पाहिला, म्हणजे खुंट्यांकडे जाताना तारा ज्या छोट्या पांढऱ्या पट्टीवरून जातात ती. तिच्यातल्या खाचा इतक्या उथळ होत्या, की पहिल्या फ्रेटवर तार दाबताना ती धनुष्यासारखी वाकत होती. गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे आम्ही ती नेली. त्यांनी नट घासला, ब्रिज, म्हणजे धडावर तारा जिथे टेकतात तो भाग, खाली घेतला, तारा बदलल्या. आठवड्याने त्याच बोटांनी तिने ई मायनर ही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, दाबली आणि सहाही तारा स्वच्छ बोलल्या. ती काही बोलली नाही, नुसती पुन्हा पुन्हा तीच कॉर्ड वाजवत राहिली.

तीन महिने ती पोर स्वतःच्या बोटांना दोष देत होती. शिकायला घेतलेलं वाद्य सोडून देणारे कित्येक जण याच कारणाने सोडतात, आणि त्यांना ते कधी कळतही नाही.

आधी साधी गिटार शिकायला हवी का?

नको. “आधी ॲकूस्टिकवर हात बसू दे, मग इलेक्ट्रिक” हा सल्ला घरोघर दिला जातो, पण तो मला मान्य नाही. ॲकूस्टिकवरचा नेहमीचा संच ०.०१२ इंच जाडीच्या तारेपासून सुरू होतो. इलेक्ट्रिकवर कारखान्यातून ०.००९ किंवा ०.०१० चा संच येतो. तार बारीक असली की ताण कमी आणि बोटांना त्रास कमी. शिवाय इलेक्ट्रिकची नेक सहसा सडपातळ असते आणि तारा फ्रेटच्या जास्त जवळ बसवता येतात. नवख्या हातांना उलट हीच गिटार सोपी जाते.

कानात जे संगीत वाजत असतं त्याचं वाद्य घ्यावं. शेकोटीभोवती बसून गाण्याला साथ करायची असेल तर ॲकूस्टिक घ्या. रॉक, ब्लूज, मेटल किंवा सिनेमातल्या गाण्यांतले गिटारचे तुकडे ओढ लावत असतील, तर थेट इलेक्ट्रिक घ्या.

कोणती गिटार?

दुकानात लटकलेल्या बहुतेक गिटारी तीन जुन्या नमुन्यांच्या वंशातल्या असतात: फेंडरची टेलिकास्टर (१९५१), गिब्सनची लेस पॉल (१९५२) आणि पुन्हा फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर (१९५४). फेंडरच्या दोन्हींवर नटपासून ब्रिजपर्यंत तारेची वाजती लांबी सुमारे ६४८ मिलिमीटर असते, लेस पॉलवर सुमारे ६२८. वीस मिलिमीटर म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण लांबी कमी असली की त्याच तारेवर ताण कमी बसतो आणि फ्रेट जरा जवळ येतात. हात लहान असेल तर हा फरक जाणवतो. उलट लेस पॉलच्या घाटाच्या गिटारी बऱ्याचदा जड असतात, आणि उभं राहून तासभर वाजवलं की खांदा भरून येतो. म्हणून पट्टा लावून दहा मिनिटं उभं राहून बघा.

पिकअपबद्दल एवढं कळलं तरी पुरे. तारांखालच्या त्या पट्ट्यांमध्ये चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते. एकच वेटोळं असेल तर त्याला सिंगल कॉइल म्हणतात. त्याचा आवाज लख्ख आणि धारदार असतो, पण घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही तो पकडतो. यावर उपाय म्हणून गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी शेजारी बसवली. दोघांचे चुंबक उलट, वेढ्यांची जोडणीही उलट, त्यामुळे गुणगुण एकमेकींना मारते आणि तारेचा आवाज मात्र दुप्पट होतो. त्याच्या पेटंटचा अर्ज १९५५ मधला आहे. या जोडपिकअपला हंबकर म्हणतात. त्याचा आवाज भरदार असतो आणि डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका-खरखरीत करणारा परिणाम, लावल्यावर तो गोंगाट करत नाही.

नक्की काय वाजवायचं हे ठरलेलं नसेल, तर ब्रिजपाशी हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल असलेली गिटार घ्या. दुकानात हिला एच-एस-एस म्हणतात. स्वच्छ आवाजापासून जड डिस्टॉर्शनपर्यंत सगळं तिच्यावर निभावतं.

ब्रिजच्या बाबतीत मी हट्टी आहे. पहिल्या गिटारला स्थिर ब्रिज असावा. दांडी दाबून सूर खालीवर करता येतो तो ट्रेमोलो ब्रिज साधा असेल तर चालवून घेता येतो. पण पुढेमागे दोन्हीकडे झुलणारा आणि नटवर तारा स्क्रूने आवळून टाकणारा लॉकिंग ब्रिज नवख्याने घेऊ नये. माझी पहिली गिटार तसलीच होती. एका दुकानात विक्रेत्याने दांडी हलवून दाखवली आणि मी भारावून पैसे मोजले. घरी एक तार सुरात आणली की त्या ताणाने ब्रिज झुकायचा आणि बाकीच्या पाच उतरायच्या. तारा बदलायला संध्याकाळ जायची. त्या वर्षी मी जेवढं शिकायला हवं होतं त्याच्या अर्ध्यावरच राहिलो, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कंपन्यांविषयी थोडक्यात. स्क्वायर हे फेंडरच्याच घरातलं स्वस्त नाव, एपिफोन गिब्सनच्या घरातलं. यामाहाची पॅसिफिका, आयबानेझची जिओ मालिका आणि कोर्टच्या सुरुवातीच्या गिटारी विश्वासाच्या आहेत. यातली पॅसिफिका मी सगळ्यात आधी सुचवतो. तरीही एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत फरक निघतो, म्हणून पट्टी आणि कार्ड बाहेर काढायचंच. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात किंवा आपापल्या शहरातल्या वाद्यांच्या दुकानात जाऊन, हातात घेऊन बघणं सगळ्यात चांगलं. ऑनलाइन मागवणार असाल तर परत करण्याची मुदत आधी वाचा आणि पेटी उघडल्याच्या दिवशीच सगळ्या तपासण्या उरका.

डावखुऱ्यांनी दोन्ही प्रकारे धरून बघावं. डाव्या हाताच्या गिटारींत निवड फार कमी मिळते. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी घेत असाल तर पूर्ण लांबीची नको, लहान मापाची घ्या.

दुकानातली तपासणी

विक्रेत्याला आधी गिटार सुरात लावायला सांगा. बेसूर गिटारवर यातली कुठलीच परीक्षा खरी उतरत नाही.

पहिलं माप तारांच्या उंचीचं, ज्याला ॲक्शन म्हणतात. बाराव्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर आपली पट्टी टेकवा आणि तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर बघा. जाड तारेखाली साधारण २ मिलिमीटर, सगळ्यात बारीक तारेखाली दीड. थोडं जास्त असलं तर ते खाली घेता येतं, त्यामुळे घाबरू नका. पण ब्रिजचे स्क्रू आधीच तळाला टेकलेले असतील आणि तरीही तारा उंच असतील, तर ती गिटार परत टांगा.

मग नेकचा बाक. नेक पूर्ण सपाट नको, किंचित खोलगट हवी, कारण तार मध्यभागी सगळ्यात जास्त थरथरते. जाड तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने नेक जिथे धडाला मिळते त्या फ्रेटवर दाबा. दोन हात त्यात अडकतात, म्हणून सोबतच्या माणसाला सातव्या-आठव्या फ्रेटपाशी कार्ड सरकवायला सांगा. कार्ड जेमतेम जात असेल तर उत्तम. फट मोठी असेल किंवा तार फ्रेटला चिकटलीच असेल, तर नेकच्या आतली ट्रस रॉड फिरवून ते सुधारता येतं. विक्रेत्यालाच सांगा. रॉड फिरते आणि फरक पडतो हे डोळ्यांसमोर बघूनच पैसे द्या.

तिसरी परीक्षा कानाची. सहाही तारांवर पहिल्यापासून शेवटच्या फ्रेटपर्यंत एकेक सूर वाजवा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. तंबोऱ्याला जवारी, म्हणजे मुद्दाम आणलेली झणझण, लागते आणि ती लावायला हात तयार असावा लागतो. इथे मात्र तार फ्रेटला घासून झणझणली तर तो दोष आहे. ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर, न लावता ऐकू येणारी हलकी झणझण सोडून द्या. ॲम्पमधून ऐकू येत असेल, किंवा एखाद्या ठिकाणी सूर लगेच मरत असेल, तर तिथला फ्रेट उंच-सखल आहे.

सूर जुळतो का हेही बघा. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला न दाबता नुसता स्पर्श करून छेडा, घंटेसारखा सूर येईल. मग तिथेच दाबून वाजवा. ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर, दोन्ही एकच आले पाहिजेत. दाबलेला चढा आला तर ब्रिजवरचा त्या तारेचा सॅडल, म्हणजे तार टेकते तो छोटा तुकडा, मागे घ्यायचा, उतरला तर पुढे. हे दोन मिनिटांचं काम आहे.

अंगठा नेकच्या दोन्ही कडांवरून फिरवा. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन टोचतात. नागपूरकडे उन्हाळ्यात हे हमखास जाणवतं. शेवटी ॲम्पला जोडून सगळ्या गुंड्या फिरवा, पिकअपचा खटका प्रत्येक जागी नेऊन बघा, केबल खोचतात तो जॅक हळूच हलवा. करकर आली तर आतली जोडणी तपासून घ्या.

ॲम्प आणि वीज

गिटारवर सगळे पैसे खर्च करून ॲम्प “पुढच्या महिन्यात” घेणारे अनेक जण आहेत. तसं करू नका. ॲम्पशिवाय इलेक्ट्रिक गिटार म्हणजे पेटी आहे पण भाता नाही.

हातात सगळे मिळून २५ हजार असतील, तर मी १५-१६ हजार गिटारला, पाच-सहा हजार ॲम्पला, आणि उरलेले केबल, ट्यूनर, पट्टा, पिशवी, जादा तारा आणि सेटअप, म्हणजे कारागिराकडून गिटार नीट लावून घेणं, यांना वाटेन. सेटअपचे पैसे बाजूला ठेवणं सगळे विसरतात, आणि खरा फरक पडतो तो त्याच पैशांनी.

फ्लॅटमध्ये १० ते २० वॉटचा सरावाचा ॲम्प भरपूर होतो. हेडफोनची जागा असलेलाच घ्या. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात रात्री साडेदहाला मनसोक्त वाजवायचं तर दुसरा मार्ग नाही. अगदी कमी पैशात भागवायचं असेल तर गिटारच्या जॅकमध्येच बसणारा, अंगठ्याएवढा बॅटरीचा हेडफोन ॲम्प मिळतो. मोबाइलच्या संगीताबरोबरही त्यात वाजवता येतं. घरातल्या होम थिएटरला किंवा म्युझिक सिस्टिमला गिटार थेट जोडू नका. गिटारचा सिग्नल फार क्षीण असतो आणि त्या यंत्रांचं इनपुट त्यासाठी बनलेलं नसतं, त्यामुळे आवाज मंद, दबलेला येतो.

विजेबद्दल मी कळकळीने सांगतो. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून, ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. म्हणजे वाजवताना तुमचा हात थेट अर्थिंगला लागलेला असतो. ॲम्पचा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात बसावा म्हणून जाड पिन कापणं किंवा स्वस्तातला ॲडॅप्टर लावणं, हे कधीही करू नका. जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकात तार असते पण ती पुढे कुठेच गेलेली नसते, असंही आढळतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून एकदा मीटर लावून घ्या. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या, झिणझिणलं, तर त्याच क्षणी ॲम्प बंद करा आणि प्लग काढा. “थोडंसंच लागतं” म्हणून वाजवत राहू नका.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते, ती गोष्ट वेगळी. तो दोष नाही. आपलं शरीर हवेतली गुणगुण पकडतं आणि तारांना हात लागला की ती अर्थिंगमध्ये जाते. सिंगल कॉइलवर गुणगुण फारच असेल तर खुर्चीवर बसल्या बसल्या हळूहळू वळून बघा. एका दिशेला ती जवळजवळ नाहीशी होते. पंख्याचा रेग्युलेटर, मंद होणारे दिवे आणि मोबाइल चार्जर यांच्यापासून लांब बसा.

पहिला महिना

गिटार जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशी लावतात. तारा मोजतात मात्र उलट: सगळ्यात बारीक ती पहिली, सगळ्यात जाड ती सहावी. घरात हार्मोनियम असेल तर हेच पट्टीच्या भाषेत: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. ट्यूनर रोज, वाजवायला बसण्याआधी. सुरावर येताना नेहमी खालून वर या. वर गेलात तर पुन्हा खाली उतरून मग चढा. म्हणजे तार ढिली न राहता खुंटीवर घट्ट बसते आणि सूर टिकतो. खुंटी फिरवताना नटपाशी “टिक्” असा आवाज येत असेल तर तार खाचेत अडकतेय. पेन्सिलीचं शिसं त्या खाचेत घासा, आवाज थांबतो.

बोट फ्रेटच्या धातूवर ठेवायचं नाही आणि दोन फ्रेटच्या मधोमधही नाही. धातूच्या लगेच अलीकडे ठेवायचं. तिथे सगळ्यात कमी जोर लागतो. किती जोर लागतो हे शोधायचा एक प्रयोग करा. तारेवर बोट नुसतं टेकवा आणि छेडत राहा. ठक्‌ ठक्‌ असा मुका आवाज येईल. आता अगदी सावकाश दाब वाढवत न्या. आधी झणझण, आणि मग एका क्षणी सूर स्वच्छ उमलतो. तेवढाच दाब हवा. बहुतेक जण त्याच्या दुप्पट-तिप्पट जोर लावतात आणि मनगट दुखतं म्हणून थांबतात.

नखी, म्हणजे पिक, मध्यम जाडीची घ्या, ०.७ मिलिमीटरच्या आसपास. तर्जनी वाकवून तिच्या कडेवर ठेवायची, वरून अंगठा. टोक थोडंसंच बाहेर. पहिल्या दिवसापासून एकदा खाली, एकदा वर असा ठोका लावा. नुसतं खाली-खाली वाजवायची सवय लागली की ती मोडायला फार कष्ट पडतात.

पहिल्या कॉर्ड ई मायनर, ए मायनर, मग सी, जी, डी. ई मायनरला दोनच बोटं लागतात: पाचव्या आणि चौथ्या तारेचा दुसरा फ्रेट. दोन कॉर्ड निवडा, मोबाइलवर एक मिनिटाची वेळ लावा आणि मिनिटात किती वेळा स्वच्छ बदल होतो ते मोजा. आकडा वहीत लिहा. पहिल्या दिवशी आठ-दहा आला तरी हरकत नाही. तीसच्या पुढे गेला की त्या दोन कॉर्डवर गाणं वाजवता येतं. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र किंवा ॲप, मिनिटाला ६० वर ठेवा. जिथे चूक होते तिथे वेग कमी करा. घाईघाईने पुन्हा पुन्हा वाजवलं की चूकच पक्की होते.

रोज वीस मिनिटं हवीत. रविवारी तीन तास आणि आठवडाभर काही नाही, हे हाताला मानवत नाही. बोटांची टोकं दोन-चार आठवडे दुखतात, मग कातडी घट्ट होते. ते दुखणं ठीक. मनगटात, कोपरात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखलं तर थांबा आणि बसण्याची पद्धत तपासा.

टॅब नावाची लिपी अर्ध्या तासात येते. सहा आडव्या रेघा म्हणजे सहा तारा, आकडा म्हणजे फ्रेट. फक्त सगळ्यात खालची रेघ म्हणजे सगळ्यात जाड तार, हे सुरुवातीला उलटं वाटतं. शिक्षक मिळाले तर पहिले दोन-तीन महिने तरी त्यांच्यासमोर बसा. हाताची चुकीची ठेवण व्हिडिओ बघून कळत नाही, समोरच्या माणसाला लगेच दिसते. रीतसर परीक्षा द्यायच्या असतील तर ट्रिनिटी आणि रॉकस्कूल या दोघांच्या परीक्षा आपल्याकडे होतात.

तारा गप्प ठेवायला शिका

इलेक्ट्रिकचं खरं वेगळेपण इथे आहे, आणि क्लासमध्ये ते उशिरा शिकवतात. डिस्टॉर्शन लावलं की चुकून हललेली तारही मोठ्याने ओरडते. म्हणून एक तार वाजवताना बाकीच्या पाच गप्प ठेवणं हे रोजचं काम आहे. जाड तारांवर उजव्या तळव्याची कड हलकेच टेकवायची. बारीक तारांना डाव्या हाताच्या तर्जनीचा खालचा भाग नुसता लागलेला ठेवायचा.

आता पॉवर कॉर्ड करून बघा. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला तर्जनी, पाचव्या तारेवर पाचव्या फ्रेटला अनामिका. म्हणजे सा आणि प, बस्स. ग नसल्याने ती मेजरही नाही, मायनरही नाही. तळव्याची कड ब्रिजला लागूनच तारांवर ठेवा आणि वाजवा. धक्‌-धक्‌-धक्‌ असा घट्ट आवाज आला पाहिजे. तळवा पुढे सरकला तर आवाज मरतो, मागे गेला तर तारा मोकळ्या सुटतात. योग्य जागा चार-पाच मिलिमीटरच्या पट्ट्यात असते, ती हातानेच शोधावी लागते.

सराव करताना डिस्टॉर्शन निम्म्यावर ठेवा. पूर्ण वर नेलं की सगळं भारी वाटतं आणि चुका झाकल्या जातात.

ज्यांच्या कानात सरगम आहे

शाळेत किंवा घरी गाणं शिकलेल्यांना गिटारवर मोठी सवलत मिळते, आणि ती बहुतेकांना कुणी सांगत नाही. एक फ्रेट म्हणजे पेटीवरची लगतची पुढची पट्टी, काळी असो वा पांढरी. मोकळ्या तारेला सा माना. मग दुसऱ्या फ्रेटवर शुद्ध रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नि आणि बाराव्यावर तार सा. एका तारेवर भूप वाजवून बघा: ०, २, ४, ७, ९, १२. पंधरा मिनिटांत ओळखीची चाल निघते.

रॉक आणि ब्लूजच्या सोलोंचा पाया म्हणून जी मायनर पेंटाटोनिक शिकवतात, तिचे स्वर म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानीचे स्वर. पाचव्या फ्रेटपासून, सा पांढरी सहा धरून: सहाव्या तारेवर ५ आणि ८, पाचव्या, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर ५ आणि ७, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर ५ आणि ८. नुसते चढउतार करू नका, त्यातून तुकडे गा आणि मग ते बोटांनी शोधा.

सतारीवरची मींड इथे बेंड होऊन भेटते. तिसऱ्या तारेचा नववा फ्रेट वाजवून तो सूर कानात ठेवा. मग त्याच तारेवर सातव्या फ्रेटला अनामिका ठेवा, तिच्या मागे मधलं बोट आणि तर्जनी आधाराला द्या, आणि तार छताच्या दिशेने ढकला, नवव्या फ्रेटचा सूर लागेपर्यंत. बोटांनी नाही, मनगट फिरवून. सुरुवातीला सूर थोडा उतरलेलाच राहतो. कान पक्का असेल तर तुम्हाला ते लगेच बोचेल, आणि तीच तुमची जमेची बाजू.

एक गोष्ट मात्र खटकेल. गिटारचे फ्रेट बारा समान भागांत बसवलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (एक सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग). तुमचं चुकलेलं नसतं आणि गिटारही बिघडलेली नसते.

गायकाची पट्टी काळी एक असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून ठेवणारा चिमटा, लावा आणि सी कॉर्ड धरून साथ करा.

पावसाळा आणि तारा

मुंबई, कोकण, गोवा इथे जूनपासून दोन संकटं येतात: गंज आणि फुगलेलं लाकूड. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार सुक्या सुती कापडाने वरून आणि खालूनही पुसा. खालची बाजू सगळे विसरतात, आणि गंज तिथूनच धरतो. गिटार भिंतीला टांगू नका, पावसाळ्यात भिंती ओल धरतात. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याने बदला. दमट हवेने नेकचा बाक बदलतो, म्हणून जुलैत आणि पुन्हा हिवाळ्यात पट्टी लावून उंची मोजा. ट्रस रॉड स्वतः फिरवायची असेल तर एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि जोर लावावा लागत असेल तर थांबून कारागिराकडे न्या.

तारा काळ्या पडल्या, बोटाला खरखरीत लागल्या किंवा सुरात राहीनाशा झाल्या की बदला. रोज वाजवणाऱ्याला दोन-तीन महिन्यांनी बदलाव्या लागतात, पावसाळ्यात लवकर. पहिल्यांदा एकेक तार काढून लगेच नवी लावा, म्हणजे ब्रिजवरचा ताण एकदम उतरत नाही आणि कुठली तार कशी गुंडाळलेली होती तेही डोळ्यांसमोर राहतं. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत. सुरात लावून झाल्यावर प्रत्येक तार मधोमध बोटाने धरून हळूच वर ओढा, ती उतरेल, पुन्हा लावा, पुन्हा ओढा. चार-पाच वेळा केल्यावर ती उतरायची थांबते. मग पक्कडीने जादा टोकं कापा आणि कागदात घट्ट गुंडाळून टाका. उघडी पडली तर ती पायात घुसतात.